त्रुटी सापडली, आता पुढे काय?

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना महामार्गावर कराडला लागूनच मलकापूर आहे. राज्यातल्या नगरपालिकांना हे गाव ठाऊक झालं ते पाण्यामुळे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि तेव्हाची नगरपंचायत यांनी मिळून इथे चोवीस तास, मीटरने पाणी देणारी योजना उभी केली. या योजनेसाठी दुरून वाचता येणारे मीटर निवडले गेले. असा मीटर आपला क्रमांक आणि झालेला वापर रेडिओ लहरींवरून पाठवतो, कर्मचाऱ्याच्या हातातलं यंत्र तो आकडा टिपतं, आकडा कार्यालयातल्या संगणकात जातो आणि तिथे बिल तयार होतं.

नळाच्या पाण्याचा हिशोबही असा संगणकावर आला आहे. याच मलकापुरात कृष्णा रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपरपासून एक्स-रेपर्यंत सगळं पडद्यावर असतं. साताऱ्याकडून येताना तासवडे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो. बँका आणि पतसंस्थांचे व्यवहार, दूध संकलनाच्या पावत्या, भाजीवाल्याच्या गाडीवरचा यूपीआयचा चौकोन, हे सारं माणसांनी लिहिलेल्या आज्ञांवर चालतं. लिहिणाऱ्याच्या हातून चुका होतात, आणि त्या चुका यंत्रणेत राहून जातात. ती चूक आधी कोणाला सापडते, चोराला की सांगायला येणाऱ्याला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

कराड परिसरात अभियांत्रिकी शिकणारी पुष्कळ मुलं आहेत. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयच 1960 पासून इथे आहे. त्यातल्या अनेकांना संगणक सुरक्षेत करिअर करायचं असतं. सुरक्षा तपासणारा माणूस नेमकं काय करतो, कायदा त्याच्याकडे कसा बघतो आणि चूक सापडल्यावर कोणत्या वाटेने जावं, हे त्यांना आणि त्यांच्या पालकांना नीट माहीत असायला हवं. संस्था चालवणाऱ्यांनाही.

त्रुटी असते कशी आणि सापडते कशी

एक साधं, कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने कुठल्यातरी संस्थेच्या संकेतस्थळावर आपलं बिल उघडलं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्त्याच्या शेवटी 1042 हा आकडा होता. त्याने तो पुसून 1043 लिहिला आणि दुसऱ्याच माणसाचं बिल समोर आलं, नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांकासह.

इथे कुठलाही पासवर्ड फोडला गेलेला नाही. सर्व्हरने एवढंच तपासलं की हा माणूस लॉगिन करून आला आहे का. हे बिल त्याचंच आहे का, ही दुसरी तपासणी प्रोग्रॅम लिहिणारा विसरला. सुरक्षेच्या क्षेत्रात सर्वांत जास्त सापडणाऱ्या त्रुटींपैकी ही एक आहे.

दुसरा प्रकार कारखान्यातून आलेल्या पासवर्डचा. सीसीटीव्ही, राउटर, पंप चालवणारी नियंत्रण यंत्रं एका ठरलेल्या पासवर्डसह येतात. ठेकेदार ती बसवतो, चालू करतो आणि पासवर्ड तसाच ठेवून जातो. तो पासवर्ड त्या यंत्राच्या छापील माहितीपुस्तिकेत असतो, म्हणजे जगात कोणालाही मिळतो.

तिसरा प्रकार शोधपट्टीचा. आपण नाव लिहितो आणि सर्व्हर ते नाव जसंच्या तसं डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत मिसळतो. कोणी नावाऐवजी आज्ञेचाच तुकडा लिहिला, तर डेटाबेस ती आज्ञा पाळतो आणि संपूर्ण यादी बाहेर देतो. लिहिलेला मजकूर आणि आज्ञा वेगळ्या ठेवायच्या असतात हा नियम जुना आहे, पण तो पाळला गेला नाही की हेच घडतं.

चौथा प्रकार जुन्या सॉफ्टवेअरचा. मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्ये विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारा अपडेट दिला. तो न बसवलेल्या संगणकांवर मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅम पसरला. जूनमध्ये त्याच त्रुटीचाही उपयोग करणारा नॉटपेट्या हा दुसरा प्रोग्रॅम आला. त्याने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प केली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क चालवत असलेल्या टर्मिनलचं कामही कोलमडलं.

सुरक्षा संशोधक या त्रुटी शोधतो त्याला एक क्रम असतो. आधी तो यंत्रणा बाहेरून समजून घेतो: कोणती पानं आहेत, कोणतं सॉफ्टवेअर आहे, माहिती कुठून कुठे जाते. मग ‘इथे एखादी तपासणी राहून गेली असेल का’ असा अंदाज बांधतो. तो अंदाज पडताळण्यासाठी लागेल तेवढीच, कमीत कमी चाचणी करतो. चूक खरी निघाली की पुरावा जपतो, अहवाल लिहितो आणि दुरुस्त करू शकणाऱ्या माणसाच्या हाती देतो. चोराची पहिली तीन पावलं हीच असतात. फरक चौथ्या पावलाला पडतो. कायद्याची अडचणही नेमकी इथेच आहे, कारण तो पहिल्या पावलापासूनच लागू होतो.

कायद्याची रचना

आपल्याकडे या विषयाचा मुख्य कायदा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000. तो 17 ऑक्टोबर 2000 पासून अमलात आला. 2008 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली.

कलम 43 पासून सुरुवात करावी लागते. संगणकाच्या मालकाची किंवा त्याच्या प्रभारी व्यक्तीची परवानगी न घेता केलेल्या दहा गोष्टी हे कलम सांगतं. संगणकात प्रवेश करणं, त्यातली माहिती उतरवणं किंवा तिची नक्कल करणं, विषाणू सोडणं, नुकसान करणं, काम विस्कळीत करणं, हक्काच्या माणसाचा प्रवेश अडवणं, दुसऱ्याला अशा कामात मदत करणं, आपल्या वापराचं बिल दुसऱ्याच्या नावावर टाकणं, माहिती नष्ट करणं किंवा बदलणं आणि नुकसानीच्या हेतूने सोर्स कोड चोरणं. यातलं काहीही केलं तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यावी लागते.

‘प्रवेश’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे. संगणकाच्या तर्क, गणित किंवा स्मृतीच्या भागात शिरणं, त्याला सूचना देणं आणि त्याच्याशी संवाद साधणं, हे सगळं त्यात येतं. आपल्या विद्यार्थ्याने 1042 चा 1043 केला तेव्हा त्याने सर्व्हरला सूचनाच दिली. दुसऱ्याचं बिल पाहण्याची परवानगी त्याला कोणी दिलेली नव्हती. म्हणजे हे कृत्य कलम 43 च्या कक्षेत आणता येतं. पासवर्ड फोडला नव्हता, हे इथे उत्तर होत नाही.

पुढचं कलम 66. कलम 43 मधलं कोणतंही कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर तो गुन्हा ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2008 च्या दुरुस्तीपूर्वी या कलमाचं शीर्षकच ‘हॅकिंग’ होतं. आता तो शब्द तिथे नाही आणि सगळा भर हेतूवर आहे. अप्रामाणिकपणा म्हणजे कोणाला तरी गैर फायदा किंवा कोणाचं तरी गैर नुकसान करण्याचा इरादा, ही फौजदारी कायद्यातली जुनी व्याख्याच इथे घेतली आहे.

यावरून वाटेल की चांगल्या हेतूच्या माणसाला भीती नाही. कागदावर हे बरंचसं खरं आहे. पण हेतू सिद्ध होतो किंवा कोसळतो तो खटल्यात. त्याआधी तक्रार होते, गुन्हा नोंदला जातो, लॅपटॉप आणि मोबाइल जप्त होतात, चौकशीला बोलावलं जातं. कलम 66 चा गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हे दोन आधार आहेत. तरीही शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलासाठी एवढंही ओझं मोठं असतं.

आणखी एक कलम प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावं, कलम 70. सरकार काही यंत्रणांना ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून जाहीर करतं. तिथे अनधिकृत प्रवेश केला, किंवा नुसता प्रयत्न केला, तरी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधारचं मध्यवर्ती भांडार अशा यादीत आहे. जून 2022 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक निगमाच्या आणि आयसीआयसीआय व एचडीएफसी या बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणाही या यादीत आल्या. कुतूहल म्हणून या सर्व्हरांना हात लावणं हा अभ्यासाचा भाग होऊ शकत नाही.

गुन्हा कसा दिसतो: कॉसमॉस, 2018

कायदा एवढा कडक का आहे, हे समजायला पुण्याचं उदाहरण पुरेसं आहे. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले, भारतातून सुमारे अडीच कोटी. 13 ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून 13.92 कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटींहून अधिक.

हे घडलं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा विनंती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या ‘स्विच’कडे येते. हा स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतो: खातं खरं आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का. होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून स्वतःचा एक खोटा स्विच उभा केला. विनंत्या मुख्य संगणकापर्यंत पोहोचल्याच नाहीत, खोटा स्विचच परस्पर होकार देत राहिला. जगभर बनावट कार्डं घेऊन माणसं आधीच एटीएमसमोर उभी होती. भारतातली काही रक्कम कोल्हापूरच्या एटीएममधून काढली गेली, म्हणजे मलकापूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर.

एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवलं. एटीएमसमोर उभे राहून पैसे काढणारे आणि ती साखळी चालवणारे हाती लागले. जाळ्यात शिरणारे खरे सूत्रधार सीमेपलीकडे राहिले. कडक कायद्याची मर्यादा इथे दिसते. परदेशात बसलेल्या टोळीला कलम 66 ची फारशी भीती नसते. त्रुटी आधीच सापडून बुजवली गेली असेल, तरच ती टोळी अडते. ती आधी शोधायची तर शोधणारी माणसं हवीत, आणि शोधणाऱ्या माणसांना निर्भयपणे काम करता यायला हवं.

संशोधक अडकतो तेव्हा: 2010

शोधणाऱ्याला अटक झाल्याची देशात सर्वांत गाजलेली घटनाही महाराष्ट्राशी जोडलेली आहे. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांना 2010 च्या सुरुवातीला एका व्यक्तीने मतदान यंत्र अभ्यासासाठी दिलं. त्या व्यक्तीचं नाव त्यांनी उघड केलं नाही. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जे. ॲलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे तंत्रज्ञ रॉप गोंगग्रिप यांच्यासह त्यांनी ते यंत्र तपासलं आणि एप्रिल 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्र हाती आलं तर आकडे दाखवणारा भाग बदलून निकाल फिरवता येतो आणि स्मृती-चिपला छोटं उपकरण लावून साठवलेली मतं बदलता येतात, असं त्यांनी प्रत्यक्ष दाखवलं. आपल्या सुरक्षित गोदामांमुळे, सीलबंद व्यवस्थेमुळे आणि प्रशासकीय तपासण्यांमुळे असं घडू शकत नाही, ही निवडणूक आयोगाची भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे.

ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातलं निघालं. 21 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना हैदराबादच्या घरातून अटक करून मुंबईला आणलं. आरोप यंत्राच्या चोरीचा होता. यंत्र कोणी दिलं, हा चौकशीतला मुख्य प्रश्न होता. आठवड्याभराने त्यांना जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यांना पायोनियर पुरस्कार दिला.

8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला आपलं मत कागदावर दिसेल अशी व्हीव्हीपॅट यंत्रणा टप्प्याटप्प्याने लावण्याचा आदेश दिला. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर वापरली गेली. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व कागदी चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, यंत्रांवर विश्वास दाखवला, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या काही यंत्रांच्या चिपची तपासणी मागण्याची मुभा दिली. यंत्रांबद्दल कोणाचं मत काहीही असो, एक गोष्ट यातून स्पष्ट होते. तपासणीचा अधिकृत मार्ग असला की शंका आणि उत्तर दोन्ही नोंदीवर येतात. 2010 मध्ये तसा मार्ग नव्हता, म्हणून तांत्रिक प्रश्नाचं उत्तर पोलीस कोठडीत शोधलं गेलं.

असंच चित्र जानेवारी 2018 मध्ये दिसलं. त्या वेळी चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’ने पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते अशी बातमी दिली. त्यावर आधार प्राधिकरणाने नोंदवलेल्या तक्रारीत बातमी देणाऱ्या पत्रकाराचंही नाव होतं. देशभर टीका झाली. पुढे 2022 मध्ये याच प्राधिकरणाने निवडक 20 संशोधकांकडून आपल्या यंत्रणेतल्या त्रुटी शोधून घेण्यासाठी अर्ज मागवले. परवानगी देऊन तपासून घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, हे सरकारी यंत्रणेनेही मान्य केल्याची ही खूण आहे.

न्यायालयं आणि भरपाई

मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल इथे जाणून घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये न्या. रणजित मोरे आणि न्या. भारती डांगरे यांच्या खंडपीठासमोर कंपनीच्या सॉफ्टवेअर आणि माहितीच्या चोरीचा आरोप असलेलं प्रकरण होतं. पोलिसांनी माहिती तंत्रज्ञान कायद्यासोबत भारतीय दंड संहितेची फसवणूक आणि विश्वासघाताची कलमंही लावली होती. संगणकासंबंधीचं तेच कृत्य विशेष कायद्यात येत असेल तर त्याच कृत्यासाठी सामान्य कायद्याची कलमं लावता येणार नाहीत, असं म्हणत खंडपीठाने त्या प्रकरणातली दंड संहितेची कलमं रद्द केली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण दंड संहितेतल्या, आणि आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतल्या, काही कलमांची शिक्षा जास्त आहे आणि त्यात जामीनही सहज मिळत नाही.

दुसरी वाट दिवाणी स्वरूपाची आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. 2013 मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका उद्योगाच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यावर त्या उद्योगाच्या खात्यातून 80 लाखांहून अधिक रक्कम गेली होती. ईमेलला उत्तर देणं ही ग्राहकाची चूक धरली गेली, पण बँकेची सुरक्षाव्यवस्था अपुरी होती हेही धरलं गेलं. सुरक्षेत कसूर करणारी संस्थाही जबाबदार असते, हे तत्त्व त्यातून ठळक झालं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते आणखी पुढे नेलं आहे. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि नियम नोव्हेंबर 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी अधिसूचित झाले आहेत.

मग योग्य वाट कोणती

शेजाऱ्याच्या घराचं दार उघडं दिसलं तर आपण उंबऱ्याबाहेरून हाक मारतो, आत जाऊन कपाटं उघडून बघत नाही. सुरक्षा संशोधनाचा सगळा व्यवहार याच मर्यादेवर उभा आहे. ती पाळण्याच्या पायऱ्या अशा.

पहिली, सराव स्वतःच्या यंत्रावर करा. जाणूनबुजून त्रुटी ठेवलेली, शिकण्यासाठी बनवलेली सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ती आपल्या लॅपटॉपवर बसवून वर सांगितलेला प्रत्येक प्रकार करून पाहता येतो. त्यात कोणाच्याही परवानगीचा प्रश्न येत नाही.

दुसरी, दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावण्याआधी परवानगी लेखी घ्या. ओळखीच्या कर्मचाऱ्याने ‘बघ रे जरा’ म्हटलं, हे पुरत नाही. कायदा मालकाची किंवा प्रभारी व्यक्तीची परवानगी मागतो. कोणती संकेतस्थळं तपासायची, कोणत्या तारखांना, कोणत्या चाचण्या वर्ज्य आणि काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा, हे त्या पत्रात असलं पाहिजे. अनेक कंपन्यांच्या ‘बग बाउंटी’ योजना म्हणजे जाहीर, अटींसह दिलेली परवानगीच असते. अटींच्या बाहेर गेलात की ती परवानगी संपते. सरकारनेही मे 2020 मध्ये आरोग्य सेतू ॲपचा कोड खुला करताना त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतं.

तिसरी, चूक नकळत दिसली तर तिथेच थांबा. 1043 दिसला, तर 1044 उघडू नका. ‘किती लोकांची माहिती दिसते ते मोजून बघू’ म्हणून हजार बिलं उतरवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. आपण काय केलं, किती वाजता केलं, काय दिसलं, हे लिहून ठेवा. एक चित्र पुरावा म्हणून पुरतं, त्यातलं दुसऱ्याचं नाव आणि क्रमांक झाकून टाका.

चौथी, कळवा. संस्थेचा सुरक्षेसाठीचा पत्ता असेल तर तिथे. नसेल, उत्तर येत नसेल किंवा संस्था धमकावेल असं वाटत असेल, तर सर्ट-इनकडे. ही भारत सरकारची संगणक आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणा 2004 पासून काम करते आणि कलम 70ब ने तिला कायदेशीर अधिकार दिले आहेत. त्रुटी कळवण्याची तिची जाहीर कार्यपद्धती आहे, आणि 2021 पासून ती नव्या त्रुटींना जागतिक यादीतला ‘सीव्हीई’ क्रमांकही देऊ शकते. वीज, बँकिंग, वाहतूक अशा अत्यावश्यक यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था आहे आणि तिच्याकडेही कळवता येतं. पत्र साधं असावं: त्रुटी कुठे आहे, ती पुन्हा कशी दिसेल, तिच्यामुळे काय होऊ शकतं, आपण काय केलं आणि काय केलं नाही.

पाचवी, पैसे मागू नका. ‘इतके द्या, मग सांगतो’ हे वाक्य लिहिलं की चांगला हेतू संपतो आणि खंडणीचा आरोप उभा राहतो. संस्थेने स्वतःहून बक्षीस ठेवलं असेल तर ते जरूर घ्या.

सहावी, धीर धरा. दुरुस्तीला वेळ लागतो. गूगलचा प्रोजेक्ट झिरो हा संशोधक गट साधारण 90 दिवस देतो, आणि जगभर हा आकडा एक रूढ मोजमाप झाला आहे. दुरुस्तीआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्रुटी टाकणं म्हणजे ती चोराच्या हाती देणं.

दुसऱ्या बाजूला, कोणाची फसवणूक झाली असेल, पैसे गेले असतील, तर ते प्रकरण संशोधनाचं उरत नाही. ताबडतोब 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जावं. पहिल्या काही तासांत पैसे गोठवण्याची शक्यता सर्वाधिक असते.

संस्थांनी काय करावं

आतापर्यंतचं सगळं शोधणाऱ्याला सांगून झालं. पण वाट दोन्ही बाजूंनी बांधावी लागते. नगरपरिषद असो, पतसंस्था असो की रुग्णालय, संकेतस्थळावर एक ओळ लिहिणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे: ‘आमच्या यंत्रणेत सुरक्षेची त्रुटी आढळली तर या पत्त्यावर कळवा. या अटी पाळून, चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर आम्ही तक्रार करणार नाही.’ कायद्यातली परवानगी मालकाच्या हाती आहे, म्हणून मालकाने दिलेल्या या आश्वासनाला मोठं वजन आहे. त्या पत्त्यावर आलेलं पत्र वाचायला एक माणूस नेमावा. सॉफ्टवेअरचा ठेका देताना ‘त्रुटी कळल्यास इतक्या दिवसांत दुरुस्ती’ अशी अट करारात घालावी. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं आणि 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेच्या वापराच्या नोंदी, जपणं बंधनकारक आहे. ते जपले असतील तर खरा चोर आणि सांगायला आलेला मुलगा यांतला फरक पुराव्यानेच दिसतो.

कायद्यातही एक जागा रिकामी आहे. नेदरलँड्सने 2013 मध्ये जबाबदारीने त्रुटी कळवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे 2022 मध्ये सरकारी वकिलांना सांगितलं की चांगल्या हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर 1986 च्या संगणक गैरवापर कायद्याखाली खटले भरू नयेत. बेल्जियमने 2023 मध्ये थेट कायद्यातच संरक्षण दिलं: इजा करण्याचा हेतू नको, गरजेपेक्षा जास्त काही करू नये, सरकारी केंद्राला लवकर कळवावं, संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये. या चार अटी पाळणाऱ्याला तिथे गुन्हेगार ठरवता येत नाही. आपल्या कलम 43 ला असाच एक अपवाद जोडला तर चोराला काहीच फायदा होणार नाही, कारण या अटी चोर पाळूच शकत नाही.

ती दुरुस्ती दिल्लीत होईल तेव्हा होईल. कळवण्याचा पत्ता जाहीर करायला मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. तुम्ही एखाद्या संस्थेचे संचालक, मुख्याधिकारी किंवा नगरसेवक असाल, तर पुढच्या सभेत हा एक ठराव मांडा. आणि तुम्ही विद्यार्थी असाल, तर परवानगी आधी घ्या, चाचणी नंतर करा आणि सापडलेली चूक दुरुस्त करू शकणाऱ्याच्याच हाती द्या.